सात आवाजांची वाकळ

आमच्या गल्लीत एकेकाळी अशी बोलवा होती, की भूषणच्या अंजनानं मल्लव्वाचा आवाज चोरला. मेलेल्या माणसाचा नव्हे. चांगल्या हिंडत्याफिरत्या, रोज सकाळी दारात सडा घालणाऱ्या बाईचा. कसा चोरला याबद्दल मात्र एकमत नव्हतं. झुंबरबाई सांगायची, लिंबातनं काढला. धोंडुबाईचं म्हणणं, जुन्या पायपेटीतनं ओढून घेतला. आणि ज्ञानू दूधवाला घरोघरी माप घालताना शपथेवर सांगायचा, की अंजनाच्या मागल्या खोलीत भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेत, त्यातल्या एकेका खळग्यात एकेका बाईचा आवाज ठेवलेला असतो, लागेल तसा काढायचा आणि काम झालं की परत ठेवायचा.

ट्रे होते, एवढं खरं. ते भूषणनं ठोकले होते. त्याचं पूर्ण नाव बुद्धभूषण, पण एवढं लांब नाव हाकारायला आमच्या गल्लीत कुणाला सवड नव्हती. जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचा त्याचा धंदा. दारात कायम तांब्याच्या तारांचा गुंता आणि घरात वॉर्निशचा वास. पुण्यातली एक ऑर्केस्ट्रा पार्टी आपसात भांडून मोडली, तिचं सामान फुंकून टाकलं जात होतं, त्यातनं ह्यानं चार ट्रॅकचं एक कॅसेट रेकॉर्डर उचलून आणलं. ही गोष्ट शहाण्णव सालची. मागच्या खोलीच्या भिंतींना ट्रे ठोकले, दारं-खिडक्यांना वाकळा टांगल्या आणि झाला स्टुडिओ. गल्लीला वाटलं, ह्यांनी कोंबड्या पाळल्या. धोंडुबाई तर पातेलं घेऊन अंडी विचारायला गेली होती.

मशीन भूषणचं असलं तरी स्टुडिओ चालायचा अंजनाच्या घशावर. मुरगूडकडची पोरगी. बालवाडीत शिकवायची. बोलायला कमी, पण नकला अशा करायची की ज्याची नक्कल केली तो चिडायच्या आधी हसायचा. लहानपणी गावच्या विहारात बायका वंदना म्हणायच्या, तेव्हा जी बाई आली नसेल तिच्या जागी ही तिच्याच आवाजात म्हणायची. आईनं कैकदा धपाटे घातले, पण ते धपाटे मारताना आई कशी ओरडते तेही पोरीनं उचललं. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि वर्षाच्या आत आमची अख्खी गल्ली तिच्या घशात मुक्कामाला आली. झुंबरबाईचं नाकातलं बोलणं, धोंडुबाईचं प्रत्येक ओळीला अर्धं पाऊल मागं राहणं, सगळं.

याचा उपयोग असा, की गाण्याच्या मागं कोरस लागतो. कोरसला बायका आणायच्या म्हटलं की त्यांच्याबरोबर त्यांची पोरं येतात, नवऱ्यांच्या हाका येतात, रुसवे येतात. भूषणनं तो नादच सोडला. त्याच्या मशीनवर एकाच फितीवर चार वाटा होत्या. तीन वाटांवर अंजनानं तीनदा गायचं, मग ते तिन्ही आवाज मिसळून चौथ्या वाटेवर उतरवायचे, आधीच्या तिन्ही पुसायच्या आणि त्यांवर पुन्हा नवे आवाज भरायचे. असं करत एका बाईच्या पाचसहा बायका व्हायच्या. पण तीच बाई तशीच पुन्हा पुन्हा गायली, तर ती आरशांच्या दुकानात उभी राहिल्यासारखी वाटते. म्हणून अंजना प्रत्येक खेपेला वेगळी व्हायची. एकदा झुंबरबाई, एकदा धोंडुबाई, एकदा बालवाडीची सेविका.

"वाकळंगत हाय की," असं ती म्हणायची. "आज्जीचं लुगडं, आईचं लुगडं, आपलं फाटकं पातळ, एकावर एक घालायचं आणि दोरा मारायचा. मधलं लुगडं पुन्ना काढून न्हाय नेसता येत."

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोर त्यातनंच निघाला.

भूषणच्या मागल्या दारासमोर एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या पलीकडं गुळाच्या अडत्यांचं घर. मार्केट यार्डात त्यांची अडत. घरात मल्लव्वा, तिचा लेक वीरेश, सून आणि नातवंडं. मल्लव्वाचा नवरा लवकर गेलेला. त्यामुळं घराची आणि अडतीची दोरी तिच्या थोरल्या दिराच्या हातात. त्याला सगळे आण्णा म्हणत. आण्णा राहायचा संकेश्वरकडं शेतावर, पण त्याच्या शब्दाबाहेर कोल्हापुरात गुळाची ढेपही हलत नव्हती.

मल्लव्वाचा बाप पंचाक्षरी हा नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचा. पायपेटी म्हणजे पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं ते मोठं ऑर्गन. कंपनी सीमाभागात गावोगाव फिरली आणि एका गावात कायमची बसली. बापाकडं देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून लेकीच्या पाठवणीत पेटीच आली. लग्नानंतर मल्लव्वा एकदाच त्या पेटीवर बसून गायली. आण्णानं ऐकलं, आणि नाटकवाल्यांचा गळा या घरात नको असं भावाला सांगितलं. भावानं बायकोला सांगितलं. विषय संपला. पेटी गोदामात गेली, तिच्यावर गुळाच्या ढेपा रचल्या गेल्या आणि भात्यात मुंग्यांनी संसार थाटले. शेवटी आण्णाच म्हणाला, भंगारात घाला. वीरेशनं ती भंगारात घातली नाही, आण्णाला सांगून भंगाराच्याच भावात बोळापलीकडं भूषणला दिली. भूषणनं मुंग्या काढल्या, भात्याला नवं कातडं लावलं, आणि एके दुपारी पाय मारून बघितला.

सूर बोळ ओलांडून गेला. मल्लव्वा शेंगा फोडत बसली होती. मांडीवरची टरफलं तशीच पदरात घेऊन ती उठली आणि मागल्या दारानं भूषणच्या घरात आली. अंजनानं नुसतं स्टूल पुढं सरकवलं.

तिथनं रोज दुपारचं चालू झालं. वीरेश यार्डात, सून पोरांना घेऊन आडवी, आणि मल्लव्वा मठात प्रवचनाला. निदान घरात तरी असंच माहीत होतं. महाराजांचं प्रवचन त्या वर्षी फार लांबायचं.

अंजनानं तिला कॅसेटसाठी वाजवायला विचारलं तेव्हा मल्लव्वानं एकच अट घातली. "माझा हात घ्या, बाई. गळा घेऊ नका."

अट साधी होती. पण मल्लव्वाला बापानं शिकवलं होतं ते पाय, हात आणि गळा एका दोरीत बांधून. गळा बंद केला की तिचा पाय चुकायचा. त्यामुळं वाजवताना ती बारीक आवाजात गायची आणि आपण गातोय हे तिचं तिलाच कळायचं नाही. भूषणनं पेटीच्या पाठीला माईक लावला, पेटीचा कुरकुर आवाज दुसरीकडं जाऊ नये म्हणून मधे वाकळ टांगली. पेटी अशी घुमायची की गळा तिच्याखाली दबून जायचा. त्यालाही ऐकू आला नाही.

सत्त्याण्णवच्या एप्रिलची गोष्ट. चौदा तारखेच्या जयंतीसाठी कॅसेट निघायची होती. गाणं होतं, 'उजेड आला दाराशी, उठा गं बायांनो'. भूषणनं मल्लव्वाची पेटी आणि अंजनाचे दोन आवाज मिसळून एका वाटेवर घेतले, आधीच्या वाटा पुसल्या, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या स्पीकरवर लावून बघितलं. ओळ संपते तिथं भाता रिकामा होतो आणि पेटीचा सूर खाली बसतो. सूर बसला, आणि त्याच्याखालनं एका बाईचा गळा वर आला. 'बायांनो'मधला शेवटचा 'नो' तिनं असा लांब ओढून वर नेला होता, जशी एखादी आई दारात उभी राहून लांब खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारते.

पुसावं तर पेटी जाते, अंजनाचे दोन्ही आवाज जातात. नवीन घ्यावं तर मल्लव्वाला आण्णा गावच्या जत्रेला घेऊन गेलेला, आणि मूळ फीत छापायला पुण्याला पाठवायची वेळ अंगावर आलेली. लुगडं आत शिवलं गेलं होतं.

मग अंजनानं वरनं आणखी लुगडी घातली. आधीचे दोन आवाज होते, त्यावर आणखी चार घेतले. एका बाईला लपवायला सहा बायका. झुंबरबाई झाली, धोंडुबाई झाली, घसा बसेस्तोवर गायली. मल्लव्वाचा गळा दबला, पण तो शेवटचा 'नो' दबेना. सहा जणींची दमछाक झाली तरी तो आपला वर डोकं काढून राहायचा.

फीत पाठवायच्या दिवशी सकाळी मल्लव्वा जत्रेहून परतली. अंजनानं तिला बोलावून ऐकवलं आणि सगळं सांगितलं. मावशी, नको म्हणालात तर हे गाणंच काढून टाकते, असंही सांगितलं. मल्लव्वा पदर तोंडाशी धरून ऐकत होती. उभ्या जन्मात तिनं स्वतःचा आवाज बाहेरनं ऐकला नव्हता. गाणं संपल्यावर तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, "एवढ्या गर्दीत कोण वळखतंय? जाऊ दे."

ओळखणारा भेटलाच. जयंतीच्या संध्याकाळी आण्णा वीरेशच्या स्कूटरवर मागं बसून निघाला होता. मिरवणुकीनं बिंदू चौकाकडचा रस्ता भरलेला. गाडी अडकली, आणि समोरच्या ट्रकवरच्या कर्ण्यातनं 'उठा गं बायांनो' सुरू झालं. आण्णानं वीरेशच्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर बंद करायला लावली. पूर्ण गाणं ऐकलं. घरी जेवताना मल्लव्वासमोरच वीरेशला म्हणाला, की या गाण्यातली बाई कोण हे उद्या बघायचं. ती आपल्या घरची निघाली तर तुझी आई परवाच्या गाडीनं शेतावर येईल, आणि पुन्हा कोल्हापूर बघणार नाही. अडत्याच्या घरची बाई बाजारात विकायच्या कॅसेटवर गाते, आणि तीही तसल्या घरात बसून.

'तसल्या' म्हणजे कसल्या, हे आण्णा कधी फोडून सांगत नसे. गल्लीला न सांगता कळायचं. अंजनाला सगळ्यांत आधी कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा यार्डात गेला, तो संध्याकाळपर्यंत येत नाही असं घरात धरून चाललेलं. मल्लव्वाला चैन पडेना. अंजनाला सावध करावं म्हणून ती दुपारी मागल्या दारानं आली. वाकळेपलीकडं स्टुलावर बसून तिनं काल रात्रीचं सगळं सांगितलं. सांगताना सवयीनं तिचे पाय पेटीच्या पट्ट्यांवर गेले होते. तेवढ्यात पुढल्या दारात आण्णाचा आवाज.

पुढल्या दारातनं आण्णा, त्याच्यामागं तमाशा बघायला निम्मी गल्ली. बाहेर पडायला मागला दरवाजा होता, पण त्या बोळातनं वीरेश येत होता. चुलत्यानं त्याला मुद्दाम तिकडनं पाठवलं होतं. अंजनानं वाकळ खाली सोडली. आत मल्लव्वा, पाय पट्ट्यांवर तसेच. पाय उचलावा तर पट्टी वर येताना कुरकुरणार, दाबावा तर भाता श्वास घेणार. ती जशी होती तशीच राहिली. हे सगळं आम्हांला पुढं कळलं. त्या दुपारी गल्लीला दिसत होती ती एक टांगलेली वाकळ, आणि तिच्याकडं पाठ करून उभी असलेली अंजना.

वीरेश मागल्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला. भूषणनं खुर्ची पुढं केली तरी आत आला नाही.

आण्णा मात्र खुर्ची ओढून मधोमध बसला. भिंतीवरचे ट्रे बघितले, मशीन बघितलं, आणि भूषणला विचारलं की त्या गाण्यात बायका किती. भूषणनं सांगितलं, बाई एकच, ही माझी बायको. बाकीच्या सगळ्या तिच्याच. आण्णाला ते पटेना. मग दारातनं झुंबरबाईनं साक्ष दिली, की व्हय, ही माझ्या नाकातनंबी गाती, तिला कितींदा शिव्या घातल्यात मी. गर्दी हसली. आण्णा हसला नाही.

"सगळ्या हिच्याच म्हणता," तो म्हणाला. "मग ती शेवटाला वर जाती ती कोण?"

भूषण मशीनची बटणं उगीच चाचपत राहिला. आण्णानं इकडंतिकडं बघितलं.

"आमची पेटी कुटं हाय?"

भूषण म्हणाला, पेटी खोललीय, भाता काढलाय, दाखवण्यासारखी राहिली नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. बोलताना नजर वाकळेकडं गेली. आण्णाची नजर तिच्यामागोमाग गेली. तो उठला. वाकळेपर्यंत दोन ढांगा. त्यानं वाकळेच्या काठाला हात घातला.

आणि अंजना गायला लागली.

'उजेड आला दाराशी.' तिनं मल्लव्वाचा गळा लावला होता. तोच जाडसर, कानडी हेल असलेला, दोन शब्दांमधे पेटीचा पाय बदलावा तसा श्वास घेणारा. धोंडुबाईनं झुंबरबाईचा दंड धरला. आण्णाचा हात वाकळेच्या काठावर तसाच राहिला, पण मान वळली. त्याला बोळापलीकडची भावजय दिसत नव्हती, समोर बालवाडीची सावळी बाई दिसत होती, आणि कानात भावजय गात होती.

वाकळेच्या त्या बाजूला, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, खरी मल्लव्वा श्वास कोंडून बसली होती. दुसरा कुणी गातोय आणि आपला पाय हलत नाही, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

अंजना ओळीच्या शेवटाकडं आली. 'उठा गं बायांनो.' इथं तिला माहीत होतं की आपल्याला हे येत नाही. गेल्या काही दिवसांत सहा आवाजांनी तो 'नो' दाबून बघताना तिनं तो नाना तऱ्हांनी गायला होता, आणि एकदाही तो तसा वर गेला नव्हता. आताही गेला नाही. सपाट खाली आला आणि थांबला.

आण्णाला काही उमगलं नाही. त्यानं हा गळा तरुणपणी एकदाच ऐकलेला, आणि दुसऱ्याच बाईच्या तोंडून तो निघालेला बघून शेवट वर गेला की नाही इकडं त्याचं ध्यानच राहिलं नव्हतं. पण अंजनानं बघितलं ते मागल्या दाराकडं. वीरेश तिथं उभा होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. याला कळलं, तिच्या मनात आलं. लहानपणापासून ज्या हाकेनं हा माणूस खेळ सोडून घरी आला, ती हाक आत्ता चुकली, हे याला कळलं.

"वीरेश," आण्णा म्हणाला. हात अजून वाकळेवरच. "तू सांग. ट्रकवर ऐकलास त्यो तुझ्या आईचा आवाज, का हिचा?"

खोलीत पंखा बंद होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत तो कधी लावत नसत. भूषणच्या कपाळावरनं घाम मशीनवर टपकत होता आणि त्याला पुसायचं सुचत नव्हतं. वीरेशनं घसा खाकरला. वाकळेकडं न बघता एकदा दारातल्या गर्दीकडं बघितलं. मग एवढ्या मोठ्यांदा बोलला, की बोळातल्या शेवटच्या घरापर्यंत जावं.

"आईचाच आवाज हाय, आण्णा. पर आई गायली न्हाय. ह्या बाईनं त्यो उचललाय. आता तुमच्या म्होरं काढून दावला की. आवाज चोरती ही."

अंजनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बोलण्यासारखं जे होतं ते वाकळेमागं बसलेलं होतं.

आण्णानं वाकळ सोडली. हात धोतराला पुसला. आमच्या घरच्या बाईचं पुन्हा काही उचललंस तर बघ, अशी तंबी दिली, आणि गर्दीतनं वाट काढत निघून गेला. वीरेश काही वेळ मागल्या दारातच उभा राहिला, गर्दी पांगेपर्यंत. मग तोही गेला. तेव्हा कुठं वाकळेमागनं पेटीचा लांब, कुरकुरता श्वास ऐकू आला. मल्लव्वानं पाय उचलले होते.

ती संध्याकाळ उलटायच्या आत गल्लीत बातमी पक्की झाली. डोळ्यांदेखत चोरीचा माल निघाला होता, मग शंका कसली. झुंबरबाई अंजनाशी बोलताना तोंडावर पदर धरायला लागली. नळावर गुणगुणणाऱ्या बायका ती आली की गप्प व्हायच्या. धोंडुबाईनं नातवाला अंगाई म्हणायचं बंद केलं, आणि म्हणून पोरगं लवकर झोपायला लागलं असं तिची सून खासगीत सांगायची. काही दिवस भूषणकडं मोटारीसुद्धा कुणी आणल्या नाहीत. मोटारीचा आवाज चोरून ही बाई काय करणार होती, कोण जाणे.

अंजनाला हे लागलं. बालवाडीतल्या दोन आयांनी पोरं काढून नेली तेव्हा ती घरी येऊन रडली, असं भूषणनं मला सांगितलं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण त्या वाक्यानं मल्लव्वा शेतावर गेली असती. अंजनानं ते वाक्य गिळलं. वीरेशशी मात्र बोलणं टाकलं.

गल्ली विसरली नाही, पण हळूहळू सरावली. पुढच्या वर्षी नवी कॅसेट आली, आणि त्यात पुन्हा तो गळा. लोक चवीनं ऐकायचे. ऐका, ऐका, चोरलेला आवाज आला बघा. बाहेरगावचे पाव्हणे आले की त्यांना मुद्दाम ऐकवायचे. कुणी मल्लव्वालाच छेडलं, तर ती शेंगा फोडता फोडता म्हणायची, "घेतलाय तर घेऊ दे की. मला कुटं लागतोय."

वीरेशला त्या सुमारास एक नवीन खोड लागली. यार्डातनं दुपारी घरी यायचा झाला, की गल्लीच्या तोंडालाच स्कूटरचा हॉर्न धरून बसायचा. रस्त्यात कुत्रंही नसताना. आम्ही त्याला विचारायचो, अरे, कुणाला एवढा घाबरवतोस? तो म्हणायचा, ब्रेक लागत न्हाईत. नवीन स्कूटर घेतली, तिचेही लागत नव्हते.

दोन हजार साल उलटलं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. भूषणनं कॉम्प्युटर घेतला. त्यावर हव्या तितक्या वाटा, आणि नको असेल तो आवाज बटण दाबून काढता यायचा. अंजनाला ते काही आवडलं नाही. उसवता येते ती कसली वाकळ, असं तिचं म्हणणं. पायपेटी मात्र तिथंच होती आणि भिंतीचे ट्रेही.

दोन हजार पाचच्या थंडीत मल्लव्वा गेली. झोपेत गेली. अंजना अंत्यविधीला गेली, तर बायकांनी तिला पुढं जाऊ दिलं नाही. वीरेशनं गर्दीतनं तिला हातानं खूण करून बोलावलं आणि आईच्या पायाशी उभं केलं. लोकांनी त्याचं कौतुक केलं. एवढं मोठं मन, बघा.

पुढच्या जयंतीला सीडी आली. गाणी चांगली होती, पायपेटी नव्हती, आणि तो गळाही नव्हता. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. अंजना सहा जणी होऊन गात होती, सातवी नव्हती. झुंबरबाईनं लगेच निकाल दिला, की मालकीण गेली आणि जाताना आपला आवाज सोडवून घेऊन गेली. गल्लीला हे इतकं पटलं की काही जणींनी अंजनासमोर पुन्हा बोलायला सुरुवात केली. चोरीचा माल परत गेला होता ना.

आता वीरेशचेही केस पांढरे झालेत आणि आण्णाही उरला नाही. मध्यंतरी वीरेशनं मला स्वतः सांगितलं, ते तसंच सांगतो. आवाज कुणी चोरला नव्हता. प्रत्येक कॅसेटवर मल्लव्वा स्वतः गायली. वीरेशनं तो ट्रकवरच ओळखला होता. त्या दुपारी मागल्या दारात तिच्या चपला होत्या, आणि आण्णाला दिसू नयेत म्हणून तो त्यांच्यावर उभा होता. चोरीची बोलवा त्यानंच उठवली.